आकाशस्थ यंत्राची फेररचना : एका चिपची कुळकथा

जे यंत्र एकदा पृथ्वी सोडून गेले की पुन्हा मनुष्याच्या हाती लागावयाचे नाही, त्याच्या अंतर्यामी पुढील फेरफारांची तजवीज आधीच करून ठेवावी, या दूरदृष्टीच्या विचारातून लघु-उपग्रहांच्या संदेशवहनात फेररचनाक्षम चिपचा प्रवेश झाला.

ऑगस्ट 1975 पासून वर्षभर, आमच्या उमरगा तालुक्याच्या सरहद्दीला लागून असलेल्या गुलबर्गा जिल्ह्यातील खेड्यांत अमेरिकेच्या एटीएस-6 या उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचत होते. त्या उपग्रहाची अँटेना सुमारे 9 मीटर व्यासाची होती. पण त्या पिढीच्या उपग्रहांतील विद्युन्मंडले जमिनीवर जशी जुळविली जात, तशीच ती अखेरपर्यंत राहत. नवी गरज उद्भवली, तर नवा उपग्रह धाडण्यावाचून सहसा गत्यंतर नसे.

हे बंधन सैल करणाऱ्या चिपचा जन्म मात्र अवकाशासाठी झाला नव्हता. कॅलिफोर्नियात 1984 साली रॉस फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झायलिंक्स ही कंपनी स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी एक्ससी2064 ही चिप बाजारात आणली. तिच्या पोटात तर्कक्रियेचे 64 गट होते, त्यांच्यामधून तारांचे जाळे पसरलेले होते, आणि कोणता गट कोणते कार्य करील व कोणती तार कोठे जोडली जाईल, याचा निर्णय स्मृतिकोशांत भरलेल्या बिटांवर सोपविलेला होता. उसाला पाणी देणारा शेतकरी पाट तोच ठेवून, एका सरीचे दार बांधतो आणि दुसरीचे मोडतो, तद्वत त्याच सिलिकॉनवर केवळ बिट बदलून निराळे मंडल उभे करता येऊ लागले.

पुढे 1999 साली बॉब ट्विग्ज आणि जॉर्डी पुइग-सुआरी यांनी 10 सेंटिमीटर बाजूच्या घनाकृती उपग्रहाचे, अर्थात क्यूबसॅटचे, परिमाण आखले. आणि 14 डिसेंबर 2002 रोजी सुटलेल्या ऑस्ट्रेलियाच्या फेडसॅट या लहानशा उपग्रहावर फेररचनाक्षम चिपची परीक्षा प्रत्यक्ष अवकाशात झाली. लघु-उपग्रहाला अशी चिप का हवी, हे त्याच्या एका फेरीवरून कळते. क्षितिजावर उगवून मावळेपर्यंत त्याला जेमतेम दहा मिनिटे मिळतात. त्याच्या वेगामुळे 435 मेगाहर्ट्झची लहर सुमारे 10 किलोहर्ट्झपर्यंत वरखाली सरकते. आणि हे सरकणे सावरणे, गोंगाटातून संदेश निवडणे, त्यातील चुका दुरुस्त करणे, ही सारी कामे थोड्याशा विजेवर एकाच वेळी उरकावी लागतात. फेररचनाक्षम चिपमध्ये ती समांतर चालतात आणि त्यांची रीतही पुढे बदलता येते.

मात्र या गुणासोबत एक धोकाही येतो. अवकाशातील एखादा प्रखर कण स्मृतिकोशातील बिट उलटवितो, तेव्हा मंडलच बिघडते. म्हणून महत्त्वाचे मंडल तीनदा रचून निर्णय बहुमताने घेतात आणि मूळ आराखडा वारंवार लिहून काढतात. नवा आराखडा सदोष निघाला तर उपग्रह कायमचा बहिरा होईल, हे ओळखून जुना, पारखलेला आराखडा अलग स्मृतीत सुरक्षित ठेवतात. ठराविक मुदतीत जमिनीवरून हुकूम आला नाही, तर उपग्रह आपण होऊन त्याच्याकडे परततो.

आमच्या जिल्ह्याला या खटाटोपाचे मोल विशेष वाटावे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूरइतकाच तत्कालीन उस्मानाबाद जिल्हाही हादरला आणि सास्तूरसारखी गावे भुईसपाट झाली. अशा प्रसंगी कोणत्या गावाला काय हवे, ही वार्ता पोहोचणे हाच मदतकार्याचा पहिला आधार असतो. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी घडविलेला, सुमारे 1 किलो वजनाचा ‘स्वयम्’ 22 जून 2016 रोजी पीएसएलव्ही-सी34 वरून झेपावला, तो एका ठिकाणचा संदेश दुसऱ्या ठिकाणी पोहोचविण्याच्याच हेतूने. त्याच्यासारख्या उपग्रहांच्या पुढील पिढ्यांत फेररचनेची शक्ती रुजली पाहिजे, असे मला मनापासून वाटते. कारण संकटग्रस्त गावाची गरज उपग्रह घडविणाऱ्याला आगाऊ कळत नाही, आणि जे यंत्र ती कळल्यानंतरही शिकू शकते, तेच अशा गावाच्या कामी येते.