रझाकारी : वसमत परिसरातील तुरुंगवास व परागंदा जीवन (१९३८–१९४८)

हैदराबाद संस्थानाच्या परभणी जिल्ह्यातील वसमत तालुका (१ मे १९९९ पासून हिंगोली जिल्ह्यात) आणि लगतचा मुलूख येथील लोकांनी निजामाच्या राजवटीत सोसलेला छळ, तुरुंगवास व परागंदा जिणे यांची ही नोंद. ऑगस्ट १९४७ ते सप्टेंबर १९४८ हे तेरा महिने सर्वांत कठीण गेले. पुस्तकांत या लढ्याला हैदराबाद मुक्तिसंग्राम म्हणतात. गावात मात्र ‘रझाकारी’, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांचा काळ, हाच शब्द आहे, जणू दुष्काळासारखा तोही एक हंगाम होता. आपल्या जन्माचे साल सांगतानाही जुनी माणसे ‘रझाकारीच्या आधी’ किंवा ‘रझाकारीत मी चालत होतो’ असेच सांगत.

लढ्याची सुरुवात १९३८ मध्ये झाली. हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच सरकारने तिच्यावर बंदी घातली. स्वामी रामानंद तीर्थ (मूळ नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्टोबरपासून बंदी मोडली आणि जत्थे तुरुंगात जाऊ लागले. महात्मा गांधींच्या सल्ल्याने डिसेंबरमध्ये हा सत्याग्रह थांबला. आर्य समाजाचा सत्याग्रह १९३९ च्या ऑगस्टपर्यंत चालला. उदगीरचे वकील भाई श्यामलाल डिसेंबर १९३८ मध्ये बीदरच्या तुरुंगात मरण पावले. आणखीही काही सत्याग्रही तुरुंगातच दगावले. निजामाच्या तुरुंगात गेलेला माणूस परत येईलच अशी खात्री नाही, हे लोकांना तेव्हाच कळून चुकले होते. तरीही १९४७ मध्ये पुन्हा तुरुंग भरले, म्हणून १९३८ चा अनुभव येथे आधी सांगितला.

स्टेट काँग्रेसवरील बंदी १९४६ मध्ये उठली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी संस्थान भारतात विलीन करण्याच्या मागणीचा दिवस पाळला गेला. १५ ऑगस्टला स्वामीजींना अटक झाली. नोव्हेंबरमध्ये निजाम आणि भारत सरकार यांच्यात झालेल्या ‘जैसे थे’ करारानंतर ते सुटले, पण जानेवारी १९४८ मध्ये पुन्हा पकडले गेले आणि सप्टेंबरमधल्या भारतीय फौजांच्या ‘पोलीस कारवाई’पर्यंत आतच राहिले. पुढारी आत गेल्यावर लढा गावांनी चालवला. शेतकऱ्यांनी लेव्हीचे धान्य नाकारले, करोडगिरीचे (जकातीचे) नाके जाळले, वकिलांनी कोर्टावर आणि विद्यार्थ्यांनी शाळांवर बहिष्कार घातला. शिंदीची झाडे तोडणे हा तर रानातला सत्याग्रहच होता. शिंदीवरच्या अबकारीतून सरकारी खजिना भरत असल्यामुळे एकेक झाड पाडणे म्हणजे त्या खजिन्यावर घाव होता. त्या घावासाठी कुऱ्हाड पुरत असे, बंदूक लागत नसे. म्हणूनच हे काम साध्या कुणब्याच्या हातचे ठरले, आणि त्यापायी पकडला जाणाराही बहुधा तोच असे.

मराठवाड्यातील कैदी परभणी, नांदेड, औरंगाबादचे हर्सूल, गुलबर्गा, बीदर, निजामाबाद आणि हैदराबादचे चंचलगुडा अशा तुरुंगांत विखुरलेले होते. दरबारी भाषा उर्दू. खेड्यातून आलेल्या मराठी माणसाला आपल्यावरचा आरोप काय, हुकुमात काय लिहिले आहे, हे दुसऱ्याकडून समजून घ्यावे लागे. तुरुंगाची खरी परीक्षा मारापेक्षा वेगळीच होती. माफीनामा लिहून दिला तर सुटका होई. बाहेर पेरणी खोळंबलेली, घरी म्हातारी आई, आणि पुढ्यात एक कागद, ज्यावर फक्त अंगठा उठवायचा. तो न उठवणे यात पराक्रम दिसत नाही आणि त्याचा पोवाडाही कोणी गात नाही. पण या नोंदीच्या लेखकाला साऱ्या लढ्यात सर्वांत मोठी वाटते ती हीच गोष्ट.

बराकीतल्या माणसाला एकट्याने टिकता येत नसे. लिहितावाचता येणारा कैदी इतरांना शिकवी, प्रार्थना होई, राजकारणाचे वर्ग भरत. अनेकांना देश, संविधान, मजुरी हे विषय पहिल्यांदा तिथेच भेटले. निजामाबादच्या तुरुंगात तेलुगू कवी दाशरथी कृष्णमाचार्य यांच्याजवळ कागद नव्हता, तेव्हा त्यांनी कोळशाने भिंतीवर कविता लिहिल्या. मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारी माणसे एकाच राज्याच्या तुरुंगात होती, त्यामुळे ही आठवणही आपली मानायला हवी.

तुरुंगाबाहेरचे जिणेही मोकळे नव्हते. लातूरचा वकील कासीम रझवी याच्या नेतृत्वाखालील रझाकार आणि त्यांना पाठीशी घालणारी पोलीस यंत्रणा यांच्या भीतीने गावे रात्र जागून काढत. पुष्कळ कुटुंबे बैलगाडीत भांडीकुंडी भरून वऱ्हाडाकडे निघून गेली. या भागाची सरहद्द म्हणजे पैनगंगा. नदीच्या अलीकडे मोगलाई (निजामाचे राज्य), पलीकडे उमरखेड आणि स्वतंत्र हिंदुस्थान. उमरखेड हा या टापूच्या लढ्याचा महत्त्वाचा सरहद्द कॅम्प होता. संस्थानाबाहेरच्या कृती समितीचे अध्यक्ष दिगंबरराव बिंदू होते, आणि अशा कॅम्पांमधून तरुणांच्या तुकड्या नाक्यांवर, चौक्यांवर चालून जात. वसमत तालुक्यातील वापटीचे बहिर्जी शिंदे हे या लढ्यातले हुतात्मा. आजेगावच्या लढाईत त्यांना वीरमरण आले. वसमतचे हुतात्मा बहिर्जी स्मारक महाविद्यालय त्यांच्याच नावाने उभे आहे.

    

भारतीय फौजा १३ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. तुरुंगांची दारे उघडली. मात्र नोंद इथेच थांबवली तर ती अर्धी राहील. त्यानंतरच्या आठवड्यांत सूड घेतला गेला, आणि तो पुष्कळदा ज्यांनी काही केले नव्हते अशा मुसलमानांवर. केंद्र सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत वसमतच्या शेजारचा नांदेड होता. तो अहवाल पुढची कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. लढा धर्माशी नसून सरंजामी राजवटीशी आहे, ही स्वामीजींची भूमिका होती. रझाकारांविरुद्ध लिहिणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये खून झाला, तेही मुसलमानच होते. वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याचे नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) यांनी या लढ्याविषयी पुढे विस्ताराने लिहिले. या भागातल्या ज्याला तो काळ समजून घ्यायचा आहे त्याने त्यांच्यापासून सुरुवात करावी.

१५ ऑगस्ट १९७२ पासून केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन सुरू केले. त्यासाठी साधारणतः किमान सहा महिन्यांचा तुरुंगवास लागे. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ही अट तीन महिन्यांची होती. तुरुंगाची दप्तरे हरवली असतील तर दोन सहबंद्यांचा दाखला चाले. एकाच बराकीत राहिलेल्या माणसाने ‘हा माझ्याबरोबर होता’ एवढे लिहून द्यायचे. ज्यांनी माफीनाम्यावर अंगठा दिला नाही त्यांतल्या कित्येकांनी तो उठवला सोबत्याच्या या कागदावर. पण मध्यरात्री भूमिगतांसाठी चुलीवर भाकरी थापणाऱ्या, पोलीस आले की धन्याचा पत्ता न सांगणाऱ्या बायकांना सहबंदी कोण असणार? त्या कोणत्याच बराकीत नव्हत्या. दारामागे अंधारात त्यांना पाहणारे बहुधा घरातले मूल असे, आणि मुलाचा दाखला नियमात बसत नव्हता.