सायलेंट व्हॅली : अरण्यासाठी शास्त्रज्ञ लोकांच्या दारी गेले तेव्हा

१/ १९७३ साली नियोजन आयोगाने केरळमधील एका जलविद्युत प्रकल्पास मंजुरी दिली. पालक्काड जिल्ह्यातील कुंतीपुळा नदीवर धरण बांधून आरंभी १२० मेगावॅट वीज निर्माण करावयाची होती. त्यापायी सुमारे ८३० हेक्टर सदाहरित अरण्य पाण्याखाली जाणार होते. त्या अरण्याचे नाव सायलेंट व्हॅली.

२/ प्रकल्पामागील निकड खोटी नव्हती. उत्तर केरळचा मलबार प्रदेश राज्याच्या दक्षिण भागापेक्षा मागासलेला होता. तेथे उद्योग थोडे, वीज अपुरी. राज्यातील प्रमुख राजकीय पक्ष आणि वीज मंडळातील कामगार संघटना धरणाच्या बाजूने उभ्या होत्या. त्यामुळे धरणास विरोध करणारा माणूस गरिबांच्या घरातील दिव्यालाच विरोध करतो, असे चित्र सहज उभे राही.

३/ दुसऱ्या बाजूस होते सिंहपुच्छ माकड. हे माकड पश्चिम घाटाच्या दक्षिण भागाखेरीज जगात कोठेही आढळत नाही आणि आहारासाठी येथील कुलेनिया वृक्षांवर फार अवलंबून असते. सलग अरण्य तुटले की त्याचे कळप एकमेकांपासून कायमचे विलग होतात. मात्र ‘माणूस मोठा की माकड?’ असा प्रश्न उपस्थित झाला, की प्राणिशास्त्र निरुत्तर होई.

४/ १९७६ मध्ये पक्षितज्ज्ञ जफर फतेहअली यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने प्रकल्प सोडून द्यावा, अशी शिफारस केली. मात्र तो करावयाचाच झाला तर कोणती दक्षता घ्यावी, हेही त्याच अहवालात नमूद होते. राज्य सरकारने नेमकी हीच पळवाट धरली. १९७८ मध्ये मोरारजी देसाई यांच्या केंद्र सरकारनेही अनुमती दिली.

५/ येथे केरळ शास्त्र साहित्य परिषद पुढे आली. विज्ञान मल्याळम भाषेतून सामान्यांपर्यंत न्यावे, या हेतूने १९६२ मध्ये विज्ञानलेखकांनी ही संस्था स्थापन केली होती. तिचे कार्यकर्ते मुख्यतः शिक्षक आणि प्राध्यापक. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एम. के. प्रसाद यांनी लेख आणि व्याख्यानांतून सायलेंट व्हॅलीचा प्रश्न लोकांपुढे मांडला.

६/ १९७९ मध्ये परिषदेने प्रकल्पाचे स्वतंत्र मूल्यमापन प्रसिद्ध केले. त्याच्या लेखकांत जीवशास्त्रज्ञ, अभियंते, अर्थतज्ज्ञ आणि कृषितज्ज्ञ होते. मलबारला वीज मिळावी, हे त्यांना मान्यच होते. परंतु ती अन्य मार्गांनीही मिळू शकते, असे त्यांनी साधार दाखवले. ‘माणूस की माकड’ हा प्रश्नच त्यामुळे निराधार ठरला.

७/ हा युक्तिवाद अहवालात बंदिस्त राहिला नाही. सभा, पत्रके आणि व्याख्याने यांतून तो गावोगाव पोहोचला. परिषदेतील अनेकांचा ओढा डाव्या विचारांकडे होता. तरीही आपल्याला जवळच्या पक्षांचा रोष त्यांनी पत्करला. कवयित्री सुगतकुमारी आणि त्यांचे सहकारी साहित्यिक अरण्याच्या बाजूने बोलू लागले. सलीम अली यांनीही आपला शब्द खर्ची घातला.

८/ जानेवारी १९८० मध्ये केरळ उच्च न्यायालयाने प्रकल्पाविरुद्धची याचिका फेटाळली. कायद्याची लढाई हरली, तरी जनमत उभे राहिले होते. त्याच महिन्यात पुन्हा सत्तेवर आलेल्या इंदिरा गांधी यांनी काम थांबवण्यास सांगितले. पुढे एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पुण्याचे परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ तिचे एक सदस्य होते.

९/ समितीच्या अहवालानंतर १९८३ मध्ये प्रकल्प रद्द झाला. १५ नोव्हेंबर १९८४ रोजी हे अरण्य राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले आणि ७ सप्टेंबर १९८५ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. क्षेत्र सुमारे ९० चौरस किलोमीटर.

१०/ १९७६ चा तज्ज्ञांचा अहवाल आणि १९७९ ची पुस्तिका यांत निसर्गाविषयीचा निष्कर्ष जवळपास एकच होता. पहिला सरकारपुढे मांडला गेला आणि बाजूला सारला गेला. दुसरी लोकांच्या भाषेत, लोकांच्या विजेचा विचार करून लिहिली गेली. पुढे २०११ मध्ये गाडगीळ यांच्याच अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने संवर्धनाचे निर्णय ग्रामसभांपर्यंत न्यावेत, असा आग्रह धरला. कुंतीपुळा त्या अरण्यातून आजही धरणाविना वाहते.