यिडाकीचे बोल

यूट्यूबवर ‘डिजरिडू’ टाइप केलं की झोपेसाठी, ध्यानासाठी, ताण घालवण्यासाठी तासन्‌तास चालणाऱ्या क्लिपा समोर येतात. एक खर्जातली घूं, बस. वाद्य तेवढंच आहे असं वाटायला लागतं. मुळात ‘डिजरिडू’ हा तिथल्या कुठल्याच मूळनिवासी भाषेतला शब्द नाही. गोऱ्यांनी आवाजावरून पाडलेलं नाव आहे ते. वाद्यही अख्ख्या ऑस्ट्रेलियाचं नाही, परंपरेने फक्त उत्तरेकडच्या पट्ट्याचं. ईशान्य आर्नहम लँडमधले योल्ङू लोक त्याला यिडाकी म्हणतात. वाळवीने आतून पोखरलेलं निलगिरीच्या कुळातलं खोड, तोंडाशी मेण.

यिडाकी वाजवणारा नुसता फुंकत नाही, नळीत जवळजवळ बोलतो. ओठ थरथरत असतात, जीभ अक्षरं घडवते, गालात साठवलेली हवा बाहेर पडत असतानाच नाकाने श्वास घेतला जातो. म्हणून आवाज तुटत नाही. लय सांगायची तर ती तोंडाने म्हणून दाखवतात, तबल्याच्या बोलांसारखी. फक्त इथे बोल म्हणणारी जीभ आणि वाजवणारी जीभ एकच. योल्ङू भाषांमध्ये द आणि ड वेगळे आहेत, अगदी मराठीसारखे (यिडाकीतला ड आपलाच!). इंग्रजी जिभेला हा भेद सवयीचा नाही. सगळ्या मात्रा अचूक असूनही परक्याचं वादन परकं वाटतं, त्यामागे हेही असावं.

आता अर्थाकडे. माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला पहिला मोह होतो तो टेबल बनवण्याचा: हा ठेका म्हणजे कांगारू, तो म्हणजे पाऊस. तसं टेबल बनत नाही. योल्ङूंच्या प्रत्येक कुळाच्या स्वतःच्या गीतमाला असतात, त्यांना मानिकाय म्हणतात. ज्या पूर्वजांनी ती भूमी घडवली त्यांच्याबद्दलची, तिथलं पाणी, ढग, पक्षी, मासे यांची ही गाणी. गायक हातातल्या बिल्मा, म्हणजे लाकडी टिपऱ्या, वाजवत गातो आणि यिडाकी त्याच्या मागे चालते. एकच विषय संथ ठेक्यात येतो, जलद ठेक्यातही येतो. नाचही त्याप्रमाणे बदलतो. शेवटी यिडाकी आणि बिल्मा थांबतात आणि थोडा वेळ नुसते आवाज उरतात. यातली यिडाकी एकटी उचलून ‘याचा अर्थ काय’ विचारणं म्हणजे प्रोग्रॅममधली एक ओळ कापून ती काय करते असं विचारणं.

शिवाय ही गाणी मालकीची असतात. ज्याचं गाणं, त्याची भूमी. १९६३ साली यिर्कालाच्या योल्ङूंनी बॉक्साइटच्या खाणीविरुद्ध संसदेला अर्ज पाठवला, तो झाडाच्या सालीवर, भोवती कुळांची चित्रं काढून. पुढे खटला झाला. १९७१ मध्ये न्यायाधीशांनी मान्य केलं की या लोकांकडे स्वतःची कायदाव्यवस्था आहे. जमिनीवरचा हक्क मात्र नाकारला.

१९८८ मध्ये पंतप्रधान बॉब हॉक यांनी मूळनिवासींशी करार करण्याचं आश्वासन दिलं. करार झाला नाही. १९९१ मध्ये योथू यिंडी या बँडचं ‘ट्रीटी’ आलं आणि देशभर गाजलं. त्यातला योल्ङू भाग ज्या ढंगाचा आहे, त्याला जात्पंगारी म्हणतात. यिर्कालाच्या तरुण पोरांनी १९३० च्या दशकापासून मौजेसाठी गायलेला, नाचलेला प्रकार. विधीतला नव्हे.