गुडघा, क्लफ आणि नऊ महिने

कन्हेरीला गेलो की आमचे एक चुलते आधी माझा डावा गुडघा बघायला मागतात, चहा नंतर. तरुणपणी ते बारामती-इंदापूर भागातल्या जत्रांमध्ये कुस्त्या खेळायचे. एकदा आखाड्यात पाय पिरगळला, आतून 'कट्' असा आवाज आला आणि गुडघा सुजून भोपळा झाला. मग हाडवैद्याचा लेप, पट्टी, महिनाभर खाट. पुढे शेतातली सगळी कामं केली त्यांनी, पण डाव टाकायला गेलं की पाय सटकायचा. कुस्ती सुटली. "मोडलंय काय ते कुणी सांगितलंच न्हाय," असं अजून म्हणतात.

माझंही बहुधा तेच मोडलं, फक्त पुण्यातल्या टर्फवर, रविवारच्या फुटबॉलमध्ये. मला एमआरआयचा रिपोर्ट मिळाला: एसीएल, पूर्ण तुटलेला. गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगी यांना तिरकं बांधून ठेवणारी ही दोरी. सरळ चालायला ती फारशी लागत नाही. पळता पळता वळायला मात्र लागतेच, आणि फुटबॉल म्हणजे दुसरं काय असतं?

ऑपरेशननंतर घरी बसून वाचायला वेळच वेळ होता. त्यात ब्रायन क्लफ सापडला. सुंदरलंडचा हा स्ट्रायकर, लीगच्या २७४ सामन्यांत २५१ गोल (हो, बरोबर वाचलंत). २६ डिसेंबर १९६२ ला बरीविरुद्ध खेळताना तो गोलकीपरवर आदळला आणि हीच दोरी तुटली. वय २७. जवळपास दोन वर्षांनी परत आला, तीन लीग सामने खेळला, एक गोल केला आणि संपलं.

म्हणजे तेव्हा ऑपरेशन नव्हतंच असं नाही. लीड्सच्या मेयो रॉबसन यांनी १८९५ मध्येच एका खाणकामगाराचे तुटलेले लिगामेंट शिवले होते. तो गडी परत कामाला लागला. १९१७ मध्ये ब्रिस्टलच्या हे ग्रोव्ह्ज यांनी मांडीच्या बाजूच्या पडद्याची पट्टी गुडघ्यातून ओवून नवीन लिगामेंट बनवलं. आणि क्लफ पडला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, केनेथ जोन्स यांनी गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेची पट्टी वापरायची पद्धत प्रसिद्ध केली. तिची सुधारलेली रूपं आजही वापरतात.

पण खरी गोची नंतरच्या प्लास्टरमध्ये होती. नवी दोरी सांभाळायची म्हणून पाय कित्येक आठवडे बांधून ठेवायचे. दोरी टिकायची, पण गुडघा आखडायचा आणि मांडी काडीसारखी व्हायची. ही कोंडी फुटली ती मला फार आवडलेल्या एका गोष्टीमुळे. इंडियानापोलिसच्या डोनाल्ड शेलबर्न यांच्या लक्षात आलं, की त्यांचं न ऐकणारे पेशंट, म्हणजे सांगितलेल्या वेळेआधीच पाय हलवणारे आणि चालणारे, ऐकणाऱ्यांपेक्षा चांगले बरे होतायत! दुसरा एखादा डॉक्टर पेशंटवर चिडला असता. यांनी पद्धतच बदलली: पहिल्या दिवसापासून गुडघा पूर्ण सरळ करायचा, लवकर पायावर भार द्यायचा. हा पेपर १९९० चा.

आणि १९९१ मध्ये काय व्हावं? १८ मे, वेम्बली, एफए कपची फायनल. टॉटनहॅमचा पॉल गॅस्कॉइन एका वेड्यासारख्या टॅकलमध्ये स्वतःचाच एसीएल तोडून घेतो. (उठून उभाही राहतो आधी! मीही राहिलो होतो.) समोरचा संघ नॉटिंगहॅम फॉरेस्ट, आणि त्यांच्या बाकावर मॅनेजर म्हणून बसलाय ब्रायन क्लफ. पण गॅस्कॉइन संपला नाही. मध्येच वाटी फोडून घेण्याचा उद्योग करूनही तो सप्टेंबर १९९२ मध्ये लाझिओकडून उतरला आणि १९९६ च्या युरोमध्ये स्कॉटलंडविरुद्ध तो गोल केला.

आपल्याकडचं उदाहरण सांगलीच्या स्मृती मानधनाचं. खेळ क्रिकेट, पण दोरी तीच. जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात खेळताना गुडघा गेला, आणि जूनमध्ये वर्ल्डकपात इंग्लंडविरुद्ध ९०, पाच दिवसांनी वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद १०६. जेमतेम पाच महिने! हे वाचून मला भलताच चेव आला होता. सातवा महिना लागला, दुखणं थांबलंय, मित्रांचा फोन येतोय की रविवारी एक माणूस कमी आहे...

नेमकी इथेच फसगत होते. बसवलेली पट्टी आधी निर्जीव असते, हळूहळू तिच्यात रक्तवाहिन्या शिरतात, आणि पहिल्या काही महिन्यांत ती उलट कच्ची होते. तेवढ्यात आपल्याला मात्र बरं वाटायला लागलेलं असतं. २०१६ साली नॉर्वेतल्या १०६ रुग्णांचा अभ्यास आला. नवव्या महिन्यापर्यंत खेळणं जितके महिने पुढे ढकललं, तितकी दर महिन्याला पुन्हा दुखापतीची शक्यता निम्म्याने घटली. ताकदीच्या आणि उड्यांच्या चाचण्या पास न होता खेळायला गेलेल्यांपैकी ३८ टक्क्यांचा गुडघा दोन वर्षांत पुन्हा दुखावला. पास झालेल्यांपैकी जेमतेम ६ टक्क्यांचा. (सलामीची बॅटिंग आणि फुटबॉलमधली वळणं यांत फरक आहे, हेही आता मान्य करतो.)

चाचणी साधी आहे. एका पायावर लांब उडी मारायची. ऑपरेशनच्या पायाची उडी चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के भरायला हवी.

मागच्या शनिवारी कन्हेरीच्या अंगणात काकांनी चुन्याची रेघ मारली आणि टेप धरला. उजवा पाय: १५० सेंटिमीटर. डावा: १२३. मी मोबाईलवर भागाकार केला, ८२ टक्के.

"परत मार," काका म्हणाले.

परत मारली. १२३.

मित्रांना मेसेज टाकला, की रविवारी येतो, पण शिट्टी घेऊन.