रस्त्यावर एकटी धावणारी बाई: एका संकोचाचा इतिहास

मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर एक ताई आमच्यासाठी थांबल्या होत्या. वय पंचेचाळीसच्या आसपास. म्हणाल्या, "मी रोज पहाटे साडेपाचला सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गाड्यांच्या मधून, गोल गोल पळते. गेटच्या बाहेर काही पाऊल पडत नाही. एक तर अंधार असतो, कुणी काही केलं तर? आणि दुसरं म्हणजे लोक बघतात हो. शिवाय वॉचमनला काय सांगू, कुठे चालले म्हणून?" आजचा विषय त्या प्रश्नातून निघाला. तुम्ही म्हणाल, यात इतिहास कुठला? आहे, बराच आहे.

सुरुवात अमेरिकेतल्या मेन राज्यापासून करू. तिथे केप एलिझाबेथ नावाचं समुद्राकाठचं गाव आहे. १९७० च्या दशकात तिथली एक शाळकरी मुलगी बर्फावरच्या घसरगुंडीच्या शर्यतीत, म्हणजे स्कीइंगमध्ये, पाय मोडून घेते आणि पाय पुन्हा तयार व्हावा म्हणून रस्त्यावर धावू लागते. तिला धावायला आवडतं, पण लाज भयंकर वाटते. गाडीचा आवाज आला की ती धावायची थांबते, चालू लागते आणि रस्त्याकडेची फुलं बघत असल्याचं सोंग करते. गाडी गेली की पुन्हा धावते. ही आठवण तिनं स्वतःच पुढे सांगितलेली आहे. तिचं नाव जोन बेनॉइट. ५ ऑगस्ट १९८४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये ऑलिंपिकच्या इतिहासातली बायकांची पहिली मॅरेथॉन झाली, ती हिनं जिंकली. २ तास २४ मिनिटं ५२ सेकंद. एकदम सगळ्यांच्या पुढे निघून गेली आणि जवळजवळ सगळी शर्यत एकटीच धावली, तेही मोकळ्या महामार्गावर, अख्खं जग टीव्हीवर बघत असताना.

आता ते फुलं बघणं घ्या. लाजेत माणूस झाडामागे लपू शकतो, पाठ फिरवू शकतो. तिनं तसं केलं नाही. तिनं रस्त्यावर असण्याचं एक कारण तयार केलं. फुलं बघणारी मुलगी रस्त्यावर शोभते, धावणारी शोभत नाही, एवढं तिला कुणी न सांगता ठाऊक होतं. आमच्या मते आजच्या विषयाची गाठ इथे आहे. बाई रस्त्यावर एकटी दिसली की तिच्याकडे कारण मागितलं जातं, आणि धावणं हे लोकांना पटेल असं कारण फार उशिरा झालं.

ते उशिरा का झालं, यासाठी १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये जावं लागतं. बायकांना मैदानी शर्यतीत प्रवेश मिळालेलं ते पहिलं ऑलिंपिक. ८०० मीटरच्या अंतिम शर्यतीत नऊ जणी धावल्या. जर्मनीच्या लीना राड्केनं २ मिनिटं १६.८ सेकंदांचा विश्वविक्रम केला, जपानच्या हितोमी किनुएनं रौप्यपदक मिळवलं. शर्यतीनंतर काही जणी दमून मैदानावर बसल्या, आडव्या झाल्या. दमलेला पुरुषही तेच करतो! पण वर्तमानपत्रांनी लिहिलं, की बायका धडाधड कोसळल्या, काहींनी तर शर्यत अर्ध्यात सोडली. प्रत्यक्षात नऊच्या नऊ जणींनी ती पूर्ण केली होती. तरी निर्णय झाला: बायकांच्या प्रकृतीला हे झेपत नाही. त्यानंतर १९६० पर्यंत ऑलिंपिकमध्ये बायकांसाठी २०० मीटरपेक्षा मोठी शर्यतच नव्हती.

याचा आपल्याशी थेट संबंध आहे, बरं का. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारताच्या पहिल्या दोन महिला धावपटू उतरल्या, निलिमा घोष आणि मुंबईच्या मेरी डिसोझा. मेरी १०० आणि २०० मीटर धावल्या. त्यापेक्षा लांब धावायची ताकद त्यांच्यात होती की नाही हा प्रश्नच उद्भवला नाही, कारण त्या दिवसांत बायकांसाठी रस्ता तिथेच संपत होता. चोवीस वर्षांपूर्वीच्या एका खोट्या बातमीमुळे.

यातली भाषा नीट ऐका. "तू धावू नकोस" असं कुणी म्हणत नाही. "तुला त्रास होईल" असं म्हणतात. काळजीच्या सुरात केलेली मनाई मोडणं अवघड असतं, कारण मोडणारी बाई हट्टी तर ठरतेच, वर कृतघ्नही ठरते.

आता बॉबी गिबकडे येऊ. हिच्यापाशी आम्ही जरा जास्त वेळ थांबणार आहोत. बॉस्टनजवळ वाढलेली ही मुलगी. १९६४ मध्ये वडिलांबरोबर बॉस्टन मॅरेथॉन बघायला गेली आणि तिनं ठरवलं की आपणही यात धावायचं. ना कोच, ना पुस्तक, ना सोबत. बायकांसाठी धावण्याचे बूट मिळत नव्हते, म्हणून नर्सेस घालतात तसले चामडी बूट घालून रानातून धावायची. १९६६ च्या फेब्रुवारीत तिनं शर्यतीचा अर्ज मागवला. आयोजकांचं उत्तर आलं, की बायका शारीरिकदृष्ट्या एवढं अंतर धावू शकत नाहीत, नियमातही ते बसत नाही. त्या वेळी अमेरिकेत बायकांसाठी अधिकृत शर्यतीचं कमाल अंतर होतं दीड मैल. मॅरेथॉन सव्वीस मैलांची.

तेव्हा ती कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला राहत होती. तिथून बसमध्ये बसली आणि जवळजवळ चार दिवस प्रवास करून घरी आली. १९ एप्रिलला आईनं तिला गाडीनं हॉपकिंटन गावी सोडलं, शर्यत तिथून सुटते. वडिलांना हा वेडेपणा वाटत होता. अंगात आत काळा पोहण्याचा पोशाख, वर भावाची बर्म्युडा चड्डी, त्यावर टोपीचा निळा स्वेटशर्ट, पायात मुलांचे बूट. आपण बाई आहोत हे कळू नये म्हणून हा सगळा जामानिमा. सुरुवातीच्या रेषेजवळ झुडपं होती, त्यात ती लपून बसली. अर्धेअधिक धावपटू पुढे गेल्यावर बाहेर आली आणि घोळक्यात मिसळली.

तिच्या मनात काय चाललं असेल? पोलीस पकडतील, लोक ओरडतील, कुणी ढकलून देईल, हे सगळं. थोड्याच वेळात मागच्या पुरुषांच्या लक्षात आलं की ही मुलगी आहे. आणि झालं उलटंच. ते खूष झाले! तिला उकडत होतं, पण स्वेटशर्ट काढला तर आपल्याला बाहेर काढतील अशी भीती तिनं बोलून दाखवली. ते म्हणाले, आम्ही काढू देणार नाही, रस्ता सगळ्यांचा आहे. तिनं स्वेटशर्ट काढला. वेलस्लीला मुलींचं कॉलेज आहे, तिथल्या मुली तिला बघून अक्षरशः किंचाळल्या. ३ तास २१ मिनिटं ४० सेकंदांत, निम्म्याहून अधिक पुरुषांच्या आधी, तिनं शर्यत संपवली. राज्याच्या गव्हर्नरांनी हस्तांदोलन केलं. नव्या बुटांनी पायांची मात्र सालटी निघाली होती.

पण आम्हाला या गोष्टीत मॅरेथॉनच्या दिवसापेक्षा आधीची दोन वर्षं मोठी वाटतात. रानातली, कुणी न पाहिलेली. शर्यतीच्या दिवशी रस्त्यावर शेकडो माणसं होती, पोलीस होते. एकटीनं धावायचा धीर ती आधीच कमावून बसली होती. त्या दिवसांकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. इतिहासाची ही मोठीच अडचण आहे, जे एकट्यानं घडतं त्याची नोंद राहत नाही.

पुढच्या वर्षी, १९६७ ला, कॅथरीन स्वित्झर आली. अर्जावर के. व्ही. स्वित्झर असं लिहिल्यानं तिला २६१ हा क्रमांक रीतसर मिळाला. वाटेत एका अधिकाऱ्यानं तिच्या अंगावरचा क्रमांक ओढून काढायचा प्रयत्न केला आणि तिच्या मित्रानं त्याला बाजूला ढकललं. हा फोटो तुम्ही पाहिलाच असेल, जगभर गेला. म्हणून कॅथरीन सर्वांना माहीत आणि बॉबी कमी जणांना, जरी त्या वर्षीही बॉबी तिच्या बऱ्याच आधी पोहोचली होती. बॉस्टननं बायकांना अधिकृत प्रवेश दिला १९७२ मध्ये. हॉपकिंटनला आता बॉबीचा पुतळा आहे, २०२१ मध्ये बसवला. तो घडवला कुणी? बॉबीनंच. ती शिल्पकारही आहे.

आता जरा वेगळ्या गोष्टीकडे वळतो. तीही संकोचाचीच आहे आणि सभेत बोलायला लोक कचरतात. धावताना छाती हलते, दुखते आणि लोकांच्या नजरा तिथे जातात. कितीतरी बायकांचं धावणं या एका कारणानं सुरू होण्याआधीच थांबलेलं आहे. १९७७ मध्ये अमेरिकेच्या व्हरमाँट विद्यापीठाच्या परिसरात लिसा लिंडाल ही धावणारी बाई, तिची मैत्रीण पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर अशा तिघींनी यावर विचार केला. पॉली आणि हिंडा नाटकाचे कपडे शिवायच्या. पुरुष खेळाडू घालतात ते दोन लंगोटवजा सपोर्टर त्यांनी एकमेकांना जोडून शिवले आणि त्यातून पहिली स्पोर्ट्स ब्रा तयार झाली. मॅरेथॉनच्या इतिहासात या शिवणकामाला निदान एक प्रकरण मिळायला हवं असं आम्हाला वाटतं.

त्याच १९७७ मध्ये इंग्लंडात लीड्स शहरात निराळंच काही चाललं होतं. यॉर्कशायर भागात एक माणूस बायकांचे खून करत सुटला होता आणि पोलिसांना सापडत नव्हता. बायकांना सल्ला मिळाला, अंधार पडल्यावर घराबाहेर पडू नका. १२ नोव्हेंबरच्या रात्री लीड्समध्ये आणि इतरही काही शहरांत बायका मशाली घेऊन रस्त्यावर उतरल्या. त्यांचा सवाल साधा होता: खून पुरुष करतोय, मग संचारबंदी आम्हाला का? तो माणूस पकडला गेला १९८१ च्या जानेवारीत. म्हणजे भीती खरी होती, अगदी खरी. त्या बायकांनीही ती नाकारली नाही. भीतीचा भार कुणी वाहायचा, एवढंच त्या विचारत होत्या.

म्हणून कुणी आम्हाला "भीती मनातून काढून टाका" असं सांगितलं की पटत नाही. एकटी धावणारी बाई आजही हिशेब करत असते. कुठल्या गल्लीत दिवे आहेत, कुत्री कुठे असतात, दूधवाला किती वाजता येतो, एका कानातला इअरफोन काढून ठेवावा का, घरी किती वाजता पोहोचते म्हणून सांगावं. ही गणितं शहाणपणाचीच आहेत. फक्त "लोक बघतील" आणि "काही झालं तर" या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्यात. पहिली पुष्कळदा दुसरीचा बुरखा पांघरून येते, आणि दुसरी खरी असली तरी पहिलीच्या खाली दबून जाते. दिवा नसलेली गल्ली टाळता येते. लोकांची नजर टाळायला निघालं तर पार्किंगच उरतं.

आता आपल्याकडे या. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायकांचा सार्वजनिक वावर अभ्यासून २०११ मध्ये 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक काढलं. त्यांचं एक निरीक्षण असं, की बाई रस्त्यावर असते तेव्हा ती आपण कामानंच आलोय हे सतत दाखवत असते. पिशवी, फोन, भराभर चालणं. वाचताना आम्हाला केप एलिझाबेथची फुलं आठवली.

बारामतीच्या लता करे आठवतात ना? साठी ओलांडलेल्या, मोलमजुरी करणाऱ्या बाई. नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे नव्हते, म्हणून नऊवारीत, अनवाणी मॅरेथॉनमध्ये धावल्या आणि आपल्या गटात पहिल्या आल्या. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. त्यांच्याबद्दल आम्हाला अपार आदर आहे. पण टाळ्या वाजवणाऱ्यांना एक विचारावंसं वाटतं. याच बाई, याच नऊवारीत, नवरा धडधाकट असताना, केवळ मजा वाटते म्हणून पहाटे धावल्या असत्या तर आपण काय म्हटलं असतं?

नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवते, माणदेशातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओला स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत जाते. मग गावातल्या मुलींना धावण्याचं कारण मिळतं: पदक, नोकरी, पोलीस भरती. पोलीस भरतीसाठी रस्त्यावर धावणाऱ्या मुलींना गावात कुणी अडवत नाही, हे तुम्हीही पाहिलं असेल. लग्न झालं, भरतीचं वय उलटलं की मात्र तीच मुलगी त्याच रस्त्यावर धावताना दिसत नाही. अंधार तेव्हाही तेवढाच होता आणि कुत्रीही तीच.

त्या ताईंना आम्ही तेव्हा धड उत्तर दिलं नव्हतं, एवढंच म्हटलं की आधी उजेड पडल्यावर जाऊन बघा, आणि एकच चौक. परवा त्यांचा फोन आला. पहिल्या दिवशी त्या हातात दुधाची पिशवी घेऊन बाहेर पडल्या म्हणे, रिकामी. वॉचमननं विचारलं, "काय मॅडम, दूध आणायला?" या "हो" म्हणाल्या आणि कोपऱ्यावर वळल्यावर पिशवी घडी करून खिशात घातली. तीन आठवडे असंच चाललं. मग एकदा पिशवी घरी विसरली. वॉचमननं गेट उघडलं, म्हणाला, "आज उशीर झाला मॅडम, रोज सहाला धावायला निघता." त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

काही प्रश्न असतील तर आता घेऊ. मागे बसलेल्या मुलींपासून सुरुवात करू या.