दोन अक्षरी उंद्री आणि आवड जाणणारे यंत्र

उंद्री हे नाव मोजून पाहिले तर दोनच अक्षरांचे आहे. चिखली तालुक्यातल्या कोणत्याही पोराला ते पाटीवर लिहायला क्षणाचाही वेळ लागत नाही. छापणाऱ्याला मात्र अशा अक्षरांनी दीडशे वर्षे छळले आहे. पहिल्या अक्षरात उ च्या डोक्यावर अनुस्वार. दुसऱ्यात द ला र जोडलेला, म्हणजे द च्या शेपटीला एक तिरकी रेघ. आणि ह्या सगळ्यावर दीर्घ वेलांटी, जिचा बाक शिरोरेघेच्याही वर चढतो. अक्षर मोठे असले की सारे ठीक दिसते. तेच बारीक छापले की द ची शेपटी आणि र ची रेघ एकमेकींत मिसळून खाली शाईचा एक ठिपका उरतो. मग ती रेघ किती जाड असावी? शेपटीपासून किती दूर काढावी? व्याकरणात ह्याचे उत्तर नाही, शासनाच्या परिपत्रकातही नाही. "डोळ्याला बरे दिसेल तसे" एवढेच उत्तर आहे. हा डोळा कोणाचा आणि त्याला विचारले कोणी, हा आजच्या विषयाचा गाभा आहे.

माणसाच्या आवडीवरून वस्तूची घडण करायला मदत करणारे संगणक आज जगात आहेत. यंत्र नमुने मांडते, माणूस निवडतो, निवडलेल्यावरून यंत्र पुढचे नमुने काढते. ऐकायला हे फार नवीन वाटते. पण खामगावच्या बाजारात लुगडी घ्यायला गेलेल्या बाईला कोणता दुकानदार "आपल्या आवडीची व्याख्या करा" असे म्हणतो? तो एकामागून एक घड्या उलगडतो. "रंग हाच, पण काठ बारीक हवा" एवढे ऐकले की पुढच्या पाच साड्या त्या अंगाने काढतो. बाईंना काय हवे होते ते दुकानात शिरताना त्यांनाही ठाऊक नसते. सातव्या-आठव्या घडीला ते दोघांनाही कळते. आवड विचारून कळत नाही, दाखवून कळते. ही साधी गोष्ट यंत्राच्या गळी उतरवायला शास्त्रज्ञांना बरीच वर्षे लागली, आणि आमच्या लिपीने त्या उशिराची किंमत मोजली.

मुंबईत जावजी दादाजी चौधरी यांनी १८६४ साली खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्यांच्या अक्षरांचे पंच राणोजी रावजी आरू यांनी कोरले. पंच कोरणे म्हणजे पोलादाच्या कांडीच्या टोकावर अक्षर उलटे कोरणे. पंच कोरणारा कारागीर थोडे कोरी, कांडी दिव्याच्या काजळीवर धरी, कागदावर ठसा उमटवी, पाही, आणि पुन्हा कानस घेई. नमुना, नजर, दुरुस्ती, पुन्हा नमुना, असा तो फेरा होता. आज ज्याला संगणकाशी संवाद म्हणतात तो हाच. फरक एवढा, की एक फेरा व्हायला तेव्हा तासच्या तास लागत आणि धातू एकदा जास्त घासला गेला की मागे फिरता येत नसे. तरी ह्या नजरेतून उतरलेले निर्णयसागरी वळण देशभर पसरले. संस्कृत पोथ्यांपासून मराठी पंचांगांपर्यंत तेच "छापील देवनागरी" ठरले. आरूंच्या डोळ्याला जे बरे दिसले ते पुढे लाखो डोळ्यांना बरे वाटू लागले. आवडीतून वळण घडते तशी वळणातून आवडही घडते. हे ध्यानात असू द्यावे, पुढे लागणार आहे.

हाताने खिळे जुळवण्याच्या पद्धतीत अक्षरे शेकड्यांनी लागत. जुळाऱ्याच्या पुढे घरेच घरे. मग आली यंत्रे: टंकलेखन यंत्र, लायनोटाइप. इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांसाठी घडवलेल्या यंत्रात आमची जोडाक्षरे मावणार कशी? १९३० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये हरी गोविल यांनी देवनागरी लायनोटाइपसाठी खटपट केली. इकडे सावरकरांनी अ ची बाराखडी सुचवली: इ, ई, उ, ऊ यांची स्वतंत्र चिन्हे सोडून अ लाच वेलांट्या आणि उकार द्यायचे. ह्या रीतीने आपल्या गावाचे नाव "अुंद्री" असे लिहावे लागते. त्या काळची अशी छपाई ज्यांनी पाहिली असेल त्यांना "अुद्योग" आणि "अितिहास" आठवत असतील. १९५३ साली लखनौला लिपिसुधारणेची परिषद भरली. तिथे ऱ्हस्व इकाराची वेलांटी अक्षराच्या डावीकडून उचलून उजवीकडे ठेवावी असे ठरले.

त्या सुधारकांना आम्ही हसणार नाही. ती माणसे विद्वान होती आणि देशात साक्षरता वाढावी, छपाई स्वस्त व्हावी हा त्यांचा हेतू शंभर टक्के चांगला होता. परंतु त्यांनी आधी यंत्राची सोय विचारली आणि डोळ्याची पसंती मागाहून गृहीत धरली. परिणाम काय झाला? उजवीकडची ऱ्हस्व वेलांटी लोकांनी झिडकारली. काही वर्षांतच ती मागे घ्यावी लागली. अ ची बाराखडीही टिकली नाही. उलट ख चे दोन भाग खाली जोडावेत, म्हणजे "रव" आणि "ख" यांचा घोळ होणार नाही, ही सूचना डोळ्यांनी निमूट स्वीकारली. चिखली आणि खामगाव ही नावे आज आपण त्या जोडलेल्या ख नेच छापतो आणि त्यात कोणाला काही खटकत नाही. एका पसंतीचा आणि एका नापसंतीचा निकाल लागायला समाजाची वर्षानुवर्षे गेली. खिळे ओतले गेले, यंत्रे आली, पाठ्यपुस्तके छापली गेली, आणि मग कळले. नमुना दाखवून आधी विचारण्याचे साधनच नव्हते.

ते साधन दूर देशी घडत होते. १९६३ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयात आयव्हन सदरलंड ह्या तरुणाने 'स्केचपॅड' नावाचे काम सादर केले. संगणकाच्या काचेवर प्रकाशलेखणी टेकवून रेघ ओढायची आणि ती रेघ तिथेच, त्याच क्षणी हवी तशी वाकवायची. तोवर संगणक म्हणजे प्रश्न देऊन निघून जायचे आणि उत्तर घ्यायला मागाहून यायचे, असा प्रकार होता. आमच्याकडेही तेव्हा अगदीच अंधार नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा संगणक चालू झाला होता आणि त्याला आकृती दाखवणारी काचही होती.

अक्षरांच्या बाबतीत पहिले मोठे पाऊल डोनाल्ड नुथ या अमेरिकन गणितज्ञाने टाकले. आपल्या ग्रंथाची नव्या पद्धतीने जुळवलेली मुद्रिते पाहून ते इतके नाराज झाले, की १९७७ साली हातचे काम बाजूला ठेवून अक्षरे घडवण्याच्याच मागे लागले. त्यातून 'मेटाफाँट' निघाले. त्यात अक्षर गणिताच्या सूत्रांनी सांगायचे. जाडी, उंची, कल यांचे आकडे बदलले की सारी वर्णमाला बदलते. कल्पना थोर, पण चित्रकाराला ती पेलणारी नव्हती. ज्याचा हात बोलतो त्याला सूत्र लिहायला लावणे म्हणजे गवयाला ताना पाढ्यांत म्हणायला सांगण्यासारखे.

मुंबईत हीच अडचण पी. के. घोष आणि एस. पी. मुदूर यांनी आपल्या परीने सोडवली. त्यांनी १९८४ साली मांडलेली कल्पना कोणत्याही जुन्या पंतोजींना कळेल अशी आहे. अक्षर म्हणजे दोन गोष्टी: लेखणीचे टोक आणि ते टोक ज्या वाटेने फिरले ती वाट. दोन्ही वेगवेगळ्या साठवा, त्यांचा मेळ यंत्र घालील. बोरू ज्यांनी तासला आहे त्यांना ठाऊक आहे, की देवनागरीच्या बोरूचा काप रोमन लेखणीच्या उलट बाजूस असतो. आमच्या अक्षरातली जाड आणि बारीक अंगे त्या कापातून येतात. आता वाट तीच ठेवून काप थोडा फिरवा: द ची शेपटी बारीक होते, र ची रेघ भरते, आणि काचेवर दुसरेच "द्री" उभे राहते. आवडले तर ठेवा, नाही तर पुन्हा फिरवा. काजळीचा ठसा क्षणात उमटू लागला आणि मागे फिरण्याची सोयही झाली.

ह्या यंत्रापुढे बसायला योग्य माणूसही मिळाला. १९३६ साली जन्मलेले रघुनाथ कृष्ण जोशी हे सुलेखनकार, जाहिरातीच्या धंद्यात मुरलेले, शिवाय कवी. पुढे पवईच्या आय.आय.टी.त औद्योगिक अभिकल्प केंद्रात ते शिकवीत. पुण्यात ल. श्री. वाकणकर लिपीच्या मुद्रणाचा ध्यास घेऊन बसलेले होते, त्यांच्याशीही ह्या मंडळींचे धागे जुळले. मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात 'विन्यास' ही प्रणाली घडली. काचेवर पाहत पाहत, सुलेखनाच्या अंगाने अक्षर घडवायचे साधन, असे तिचे थोडक्यात वर्णन करता येईल. सुलेखनकाराची नजर आणि गणितज्ञाचे सूत्र एका मेजावर आले, हे आमच्या मते त्या दशकातल्या मराठी मुद्रणाचे मोठे भाग्य होय.

त्याच सुमारास जगात ह्या फेऱ्याला एक वेगळीच कलाटणी मिळाली. इंग्लंडातले जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांनी १९८६ साली एका पुस्तकाबरोबर एक छोटा कार्यक्रम दिला. काचेवर मध्ये एक आकृती आणि भोवती तिची थोडीथोडी बदललेली पिलावळ. आवडेल तिच्यावर बोट ठेवा, ती आई होते, तिची नवी पिले निघतात. बियाणे निवडणाऱ्या शेतकऱ्याला ह्यात नवल वाटू नये. १९९१ साली कार्ल सिम्स यांनी अशाच निवडीतून चित्रे काढून दाखवली. इथे माणसाला रेघ ओढता यायची गरजच उरली नाही, "हे बरे" म्हणता आले की पुरे. जपानात हिरोशिमाचे मित्सुओ नागामाची ग्राहकाच्या भावनेवरून वस्तूची मापे ठरवण्याचे शास्त्र ह्याच्याही आधीपासून रचीत होते. परंतु ह्या सर्वांना एकच कुंपण आडवे आले. जपानचेच हिदेयुकी ताकागी यांनी २००१ साली साऱ्या कामाचा आढावा घेतला, तेव्हा मुख्य अडचण म्हणून त्यांनी यंत्राचा वेग सांगितला नाही, तर माणसाचा थकवा सांगितला. दहा-वीस फेऱ्यांनंतर डोळा कंटाळतो आणि काहीही पसंत करू लागतो. साड्यांच्या दुकानात नवरे मंडळींचे होते तेच!

देवनागरीला हा थकवा जास्त नडतो. रोमन लिपीसाठी लंडनमध्ये कॅम्बेल आणि काउट्झ यांनी २०१४ साली अक्षरवळणांचा जणू नकाशाच केला. नकाशावर एक ठिकाण निवडले की तिथले वळण तयार. आमच्या लिपीत अक्षरे आणि जोडाक्षरे मिळून आकार शेकड्यांनी आहेत. क ची जाडी पसंत केली म्हणून द्री, ष्ट्र, ह्य यांची पसंती आपोआप होत नाही. तिथे पुन्हा नजर लागते, आणि नजर असलेली माणसे थोडी.

म्हणून एकदा केलेली निवड फार दूर जाते. जोशींनी 'मंगल' हे वळण काचेसाठी घडवले आणि २००० साली ते विंडोज प्रणालीबरोबर जगभर गेले. त्या काळच्या काचेवर बारीक अक्षराच्या वाट्याला मोजके ठिपके येत. तेवढ्यात वेलांटी, शिरोरेघ आणि र ची रेघ बसवायची, ही तारेवरची कसरत त्यांनी साधली. त्याआधी एका संगणकावर लिहिलेली उंद्री दुसऱ्यावर भलत्याच चिन्हांची रांग होऊन उमटे. कुठे द चा पाय मोडून पुढे सुटा र उभा राही. तो छळ बराचसा संपला. जोशी २००८ साली वारले, पण कचेरीतल्या अर्जांवर, दाखल्यांवर, नोटिसांवर त्यांचे अक्षर राहिले. मोजक्या ठिपक्यांसाठी काढलेले वळण मग मोठमोठ्या फलकांवरही चढले. ते तिथे शोभते का, हे कोणी कोणाला विचारले नाही. यंत्रात तेच आधी भेटत होते. नाटकांची नावे हाताने रेखणारे कमल शेडगे प्रत्येक नाटकाला निराळे अक्षर देत. ती सवय आमच्या गावोगावच्या रंगाऱ्यांनाही होती. ती मोडण्यात मंगलचा दोष नाही, पण मोडली हे खरे.

सगळ्यांत बोलकी गोष्ट ल आणि श यांची. मराठी माणसाचा ल पाकळीचा, श देठाचा. हिंदीतली वळणे निराळी. संगणकाच्या काचेवर मात्र बरीच वर्षे उत्तरेकडचीच वळणे प्रामुख्याने दिसत. बुलढाणा लिहा की चिखली लिहा, ल परका. ६ नोव्हेंबर २००९ रोजी महाराष्ट्र शासनाने निर्णय काढून मराठी वर्णमालेत हे पाकळीचे आणि देठाचे आकार नमूद केले. पुढे मुंबईच्या 'एक टाइप' ह्या तरुण अक्षरकारांच्या मंडळाने 'मुक्त', 'बालू' अशी वळणे काढून कोणालाही विनामूल्य वापरायला दिली. आज एकाच वळणात दोन्ही रूपे भरून ठेवण्याची युक्तीही आहे. मजकुरावर "भाषा मराठी" अशी खूण असली की त्या सोयीचे वळण आपले ल आणि श पुढे करते. खूण नसली तर यंत्र आपल्या मनाने ठरवते. ही खूण लेखनाच्या कार्यक्रमात भाषा निवडण्याच्या जागी असते आणि ती करायला एकदाच बोट टेकवावे लागते.