ब्रिटनच्या निवडणुका : झिनोव्हिएव्हच्या पत्रापासून फेसबुकच्या जाहिरातीपर्यंत

ब्रिटनमधील निवडणुकांविषयी आपल्याकडे दोन समज पक्के बसलेले आहेत. एक, तिथली लोकशाही जुनी म्हणून तिथला मतदार सुज्ञ. दुसरा, फेसबुक-व्हॉट्सअॅप आले आणि तिथेही सगळे बिघडले. आम्हाला हे दोन्ही समज मान्य नाहीत. मतदाराच्या कानात कोण काय सांगणार, हा प्रश्न तिथे शंभर वर्षांपासून मालकीशी आणि पैशाशी बांधलेला आहे. इंटरनेटने त्याच पैशाला एक नवे दार उघडून दिले.

१९२४ सालापासून सुरुवात करू. तेव्हा मजूर पक्षाचे पहिले सरकार सत्तेवर होते आणि पंतप्रधान होते रॅम्से मॅकडोनाल्ड. हे नाव आपल्या वाचकांना नवे नाही. पुढे १९३२ मध्ये जातीय निवाडा जाहीर करणारे तेच हे. २९ ऑक्टोबरला मतदान होते. त्याच्या चार दिवस आधी 'डेली मेल'ने एक पत्र छापले. कम्युनिस्ट इंटरनॅशनलचे प्रमुख झिनोव्हिएव्ह ब्रिटिश कम्युनिस्टांना उठावाच्या तयारीला लागा म्हणून सांगत आहेत, असा त्याचा आशय. मजूर सरकारने रशियाशी करार केलेले होतेच, त्यामुळे संशय पेरायला जमीन तयार होती. मॅकडोनाल्ड हरले. हे पत्र बनावट होते, असेच आज बहुतेक इतिहासकार मानतात. १९९९ मध्ये खुद्द परराष्ट्र खात्याच्या इतिहासकार जिल बेनेट यांनी केलेल्या तपासाचा सूरही तोच होता.

पण इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, जी आमच्या काही डाव्या मित्रांना आवडत नाही. त्या निवडणुकीत मजूर पक्षाची मते घटली नाहीत, उलट सुमारे १० लाखांनी वाढली. कोसळला तो लिबरल पक्ष. कामगाराने वर्तमानपत्रावर विश्वास ठेवला नाही; घाबरला असेल तर मधल्या थरातला मतदार. माध्यम सर्वांवर सारखा परिणाम करत नाही, हे तेव्हाच दिसून आले होते.

त्याच निवडणुकीत बीबीसीने तिन्ही पक्षनेत्यांची भाषणे प्रथमच रेडिओवरून ऐकवली. मॅकडोनाल्ड ग्लासगोच्या जाहीर सभेत नेहमीच्या थाटात बोलले. सभेत चालणारे ते भाषण रेडिओवर फसले. कन्झर्व्हेटिव्ह नेते बाल्डविन मात्र बंद खोलीतून, समोरच्या माणसाशी गप्पा माराव्यात तसे बोलले. चांगला वक्ता हरला आणि यंत्र ओळखणारा जिंकला.

टीव्हीच्या बाबतीत ब्रिटनने एक शहाणपणा केला, तो मान्य करायला हवा. १९५४ च्या कायद्यापासून तिथे टीव्हीवर पैसे देऊन राजकीय जाहिरात करता येत नाही. पक्षांना ठरलेला वेळ फुकट मिळतो. २००३ च्या कायद्यानेही ही बंदी कायम ठेवली. वर्तमानपत्रांना मात्र असे कोणतेही बंधन नव्हते आणि नाही. ९ एप्रिल १९९२ ला, ऐन मतदानाच्या दिवशी, रूपर्ट मरडॉक यांच्या 'द सन'ने पहिल्या पानावर मजूर नेते किनॉक यांचे डोके विजेच्या बल्बमध्ये दाखवले आणि हे जिंकले तर देश सोडणाऱ्या शेवटच्या माणसाने दिवे मालवावेत, असे लिहिले. किनॉक हरले आणि दोनच दिवसांनी त्याच पत्राने विजयाचे श्रेय स्वतःकडे घेतले. हा मथळा चुकीचा होता, असे मरडॉक यांनी २०१२ मध्ये लेव्हसन चौकशीसमोर सांगितले. सांगायला वीस वर्षे लागली.

'द सन'ने खरोखर किती मते फिरवली, यावर अभ्यासकांत वाद आहे. आमच्या मते खरा परिणाम मतदारावर नव्हे, नेत्यांवर झाला. १९९५ मध्ये टोनी ब्लेअर थेट ऑस्ट्रेलियातील हेमन बेटावर मरडॉक यांच्या कंपनीच्या परिषदेत भाषण करायला गेले. १९९७ मध्ये 'द सन'ने ब्लेअर यांना पाठिंबा दिला. मालकाच्या दारात कामगारांच्या पक्षाचा नेता उभा राहतो, यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा?

आता इंटरनेट. ब्रिटनमध्ये १८८३ पासून प्रत्येक उमेदवाराच्या मतदारसंघातील खर्चावर मर्यादा आहे. श्रीमंताने जागा विकत घेऊ नये, हा त्यामागचा हेतू. अलीकडच्या काळात प्रत्यक्ष प्रचाराच्या आठवड्यांत ही मर्यादा साधारण १५,००० पौंडांच्या आसपास असे. पक्षाच्या देशपातळीवरील खर्चाची मर्यादा वेगळी आणि कितीतरी मोठी. फेसबुकने नेमकी हीच भिंत पोकळ केली. एखाद्या चुरशीच्या मतदारसंघातील ठरावीक वयाच्या मतदारांनाच दिसेल अशी जाहिरात पक्षाने दिली आणि तीत उमेदवाराचे नाव टाळले, की तो खर्च देशपातळीवरचा. २०१५ मध्ये कन्झर्व्हेटिव्ह पक्षाने फेसबुकवर सुमारे १२ लाख पौंड खर्च केले. मजूर पक्षाचा आकडा होता १६ हजारांच्या घरात. टीव्हीवर जे विकत घेता येत नव्हते, ते मोबाइलवर विकत मिळू लागले. शिवाय टीव्हीवरचे खोटे सगळा देश पाहतो, शेजारी त्याला उत्तर देतो. या जाहिराती शेजाऱ्याला दिसतही नव्हत्या.

२०१७ ने उलटी बाजू दाखवली. मतदानाच्या आदल्या दिवशी 'डेली मेल'ने मजूर पक्षावर १३ पाने खर्ची घातली, तरी जेरेमी कॉर्बिन यांच्या पक्षाला ४० टक्के मते मिळाली. तरुण कार्यकर्त्यांनी फुकट व्हिडिओ पसरवले, थेरेसा मे यांचे बहुमत गेले. तेव्हा अनेकांनी जाहीर केले की आता माध्यमसम्राट संपले. दोनच वर्षांनी, १९ नोव्हेंबर २०१९ च्या टीव्ही वादचर्चेदरम्यान कन्झर्व्हेटिव्ह पक्षाने आपल्या ट्विटर खात्याचे नाव बदलून 'फॅक्टचेक यूके' ठेवले. पक्षाचा प्रचार सत्यशोधनाचा अंगरखा घालून आला आणि निवडणूक त्यांनी ३६५ जागांनी जिंकली.

त्याच २०१९ च्या निवडणुकीत भारतीय वंशाच्या हिंदू मतदारांमध्ये मजूर पक्षाविरुद्ध व्हॉट्सअॅप संदेश फिरले. निमित्त होते काश्मीरविषयक ठरावाचे. आम्हाला त्याआधीची गोष्ट आठवते. २०१३ मध्ये ब्रिटिश संसदेने समता कायद्यात जातीचा समावेश करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली होती. हिंदू संघटनांनी विरोध केला आणि जुलै २०१८ मध्ये सरकारने ती तरतूद आणणार नसल्याचे सांगितले. तिथल्या दलित संघटनांकडेही व्हॉट्सअॅप होतेच की! पण मंदिरे, जातिसंघटना, व्यापारी मंडळे यांच्या तयार याद्या ज्यांच्याकडे आहेत, त्यांचाच संदेश रात्रीत हजारो घरांत पोहोचतो. माध्यम फुकट झाल्याने याद्यांची मालकी बदलत नाही.

२०२२ च्या कायद्याने डिजिटल प्रचारावर तो कोणी केला हे छापणे बंधनकारक केले. चांगले झाले. परंतु एखाद्या सामान्य माणसाने पैसे न घेता पुढे ढकललेला संदेश त्यातून सुटतो. आणि २०२३ मध्ये पक्षांच्या खर्चाची मर्यादा प्रत्येक मतदारसंघामागे ३०,००० पौंडांवरून ५४,०१० पौंडांवर नेली गेली. नाव छापायला लावले आणि त्याच वेळी थैलीचे तोंडही मोठे केले.